‘सिंगल काढायचा तर गाणं कुठून कापू?’ एका प्रॉग बँडला लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचा पाच जणांचा बँड, मराठीत प्रोग्रेसिव्ह रॉक (थोडक्यात ‘प्रॉग’, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) करतो. एक गाणं तयार आहे, नऊ मिनिटं चाळीस सेकंदांचं. मध्ये सात मात्रांचा रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा) आणि शेवटी दोन मिनिटांचा गिटार सोलो. ‘सिंगल म्हणून काढायचंय तर साडेतीन मिनिटांत बसवा,’ असा सल्ला कुणीतरी दिलाय. (सिंगल म्हणजे अल्बमपासून वेगळं, एकटं बाहेर काढलेलं गाणं.) ड्रमरचं म्हणणं, प्रॉग बँडनं सिंगल काढला की तो बँड बाजाराला विकला गेला; आणि पुरावा म्हणून तो पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल, पार्ट टू’कडे बोट दाखवतो. गाणं कुठून कापायचं आणि ड्रमरला काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी माझ्याबद्दल एवढंच की मी समीक्षक नाही. बावीस वर्षं पुण्यात रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय. दिवसा जाहिराती, भावगीतं, बारशाची नि लग्नाची गाणी; रात्री नऊनंतर बँडवाली पोरं येतात, कारण तेव्हा भाडं कमी असतं. तेव्हा मी जे सांगेन ते टेबलाच्या या बाजूनं पाहिलेलं.

तुम्ही ‘कुठून कापू’ असं विचारताय. मला वाटतं अडचण तिथं नाहीच. नऊ मिनिटांच्या गाण्यात एकट्यानं उभं राहील असं काही आहे की नाही, हा प्रश्न आहे. असेल तर कापायची गरज फारशी पडत नाही आणि नसेल तर कितीही सफाईनं कापलं तरी हातात तुकडाच येतो. गंमत म्हणजे तुमच्या ड्रमरनं जे उदाहरण दिलंय ते नेमकं याच गोष्टीचं आहे. फ्लॉइडचा तो सिंगल लांब गाणं कापून केलेला नाही. छोटं गाणं वाढवून केलेला आहे.

ही गोष्ट नीट सांगतो, कारण तिच्यात रेकॉर्डिंगवाल्याला शिकण्यासारखं बरंच आहे.

१९७९ साल. ‘द वॉल’ हा जोडअल्बम चालू होता. निर्माता बॉब एझरिन. बँडचा बेसिस्ट आणि मुख्य गीतकार रॉजर वॉटर्सनं ‘अनदर ब्रिक’ची एकच चाल तीन वेगवेगळ्या जागी वापरली होती, गोष्ट पुढे नेणारे तीन टप्पे म्हणून. त्यातला दुसरा टप्पा, मुलांना जाचणाऱ्या शाळेविरुद्धचा, मुळात एक कडवं आणि एक मुखडा, बस्स. साधारण एक मिनिट वीस सेकंद. अल्बमच्या हिशोबानं तेवढंच पुरे होतं. एझरिननं गिटारिस्ट डेव्हिड गिल्मोरला सांगितलं की क्लबांत जा, डिस्कोत काय चाललंय ते ऐकून ये. गिल्मोरला ते काही आवडलं नाही, पण तो गेला, ऐकून आला, आणि त्या तुकड्याखाली चारही ठोक्यांवर सरळ चालणारा किक ड्रम आला. तो ठेका ऐकल्यावर एझरिनच्या लक्षात आलं की हे चालणार. त्यानं दुसरं कडवं मागितलं. बँडनं साफ नकार दिला. आम्ही सिंगल करत नाही, विषय संपला. भाषा यापेक्षा बरीच शिवराळ होती.

बँडचा ताठा समजण्यासारखा होता. ब्रिटनमध्ये त्यांचा आधीचा सिंगल डिसेंबर १९६८ मधला ‘पॉइंट मी अ‍ॅट द स्काय’. तो आपटला. त्याआधी १९६७ मध्ये, त्यांचा पहिला म्होरक्या सिड बॅरेट याच्या काळात, ‘सी एमिली प्ले’ सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, पण ‘पॉइंट मी’नंतर त्यांनी मायदेशात सिंगल काढणंच सोडलं. अकरा वर्षं. ‘द डार्क साइड ऑफ द मून’सारखा अल्बम त्या सिंगलबंदीच्या काळात आला. अमेरिकेत कंपनीनं १९७३ मध्ये ‘मनी’ सिंगल म्हणून काढलं आणि ते तेराव्या क्रमांकावर गेलं, ती गोष्ट वेगळी. (ते सात मात्रांत आहे, यावर पुढे येतो.)

तर बँड बाहेर गेल्यावर एझरिननं काय केलं? दोन टेप मशीन जोडलेली होती. त्यानं कडवं आणि मुखडा दुसऱ्या मशीनवर कॉपी केला, ड्रमचा एक फिल (दोन भागांच्या मध्ये ड्रमर भरतो तो छोटा तुकडा) उचलून मध्ये सांधा म्हणून बसवला आणि एकामागे एक जोडून दुप्पट लांबी तयार केली. आज आपण दोन बटणं दाबून हे करतो आणि विसरून जातो. तेव्हा टेपवरची जोड चुकली तर ठेका लंगडा व्हायचा. म्हणून सांध्याला फिल वापरलाय. फिलमध्ये ड्रमर तसाही ठेका मोडतो, त्यामुळे जोड कानाला कळत नाही. ही युक्ती मी आजही वापरतो; तुमचं गाणं कुठं जोडायचं असेल तर क्रॅशच्या, म्हणजे मोठ्या झांजेच्या ठोक्याच्या, आधीचा फिल शोधा.

पण आता दुसऱ्या कडव्याला शब्दच नव्हते. तेच शब्द पुन्हा. तेच लोक तेच पुन्हा गायले तर ऐकणारा म्हणणार, हे झालंय की. एझरिननं आधी अ‍ॅलिस कूपरचं ‘स्कूल्स आउट’ केलं होतं, त्यात लहान मुलांचे आवाज होते. तो अनुभव कामाला आला. बँड तेव्हा कराच्या भानगडींमुळे इंग्लंडबाहेर होता, लॉस एंजेलिसमध्ये काम चालू होतं. लंडनमध्ये ब्रिटानिया रो हा त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता, तिथं इंजिनियर होता निक ग्रिफिथ्स. त्याला निरोप गेला की मुलं गाताना रेकॉर्ड कर. स्टुडिओच्या जवळच इस्लिंग्टन ग्रीन ही शाळा. तिथले संगीतशिक्षक अ‍ॅलन रेन्शॉ तेवीस मुलं घेऊन आले. त्याच तेवीस जणांकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं आणि थरांवर थर चढवले, म्हणून अख्खी शाळा ओरडतेय असं वाटतं. टेप लॉस एंजेलिसला गेली. दुसऱ्या कडव्यात मुलं सुरू झाल्यावर वॉटर्सचा चेहरा बदलला, असं एझरिननं पुढे मुलाखतीत सांगितलंय.

बदलणारच. एक शब्द न बदलता अर्थ फिरला होता. पहिल्यांदा ते शब्द मोठी माणसं म्हणतात, तेव्हा ती जुनी तक्रार असते. दुसऱ्यांदा ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय तीच मुलं म्हणतात. आपल्याकडे कीर्तन ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बुवांनी एकट्यानं म्हटलेला चरण आणि मागच्या टाळकऱ्यांनी उचललेला तोच चरण, यात शब्द तेच असतात, पण अंगावर काटा दुसऱ्या वेळी येतो.

आता संगीताकडे पाहा. टेम्पो शंभराच्या थोडा वर. मधल्या मुख्य भागात चाल मोजक्या चार-पाच सुरांत फिरते. डी मायनरवरून जी मेजरला जाते तेव्हा शुद्ध धैवत लागतो, म्हणजे पाश्चात्त्य लोक ज्याला डोरियन म्हणतात आणि आपण काफी थाट. त्यामुळे ते पडेल वाटत नाही, त्याच्यात एक खट्याळपणा राहतो. वॉटर्स आणि गिल्मोर एकाच सुरात गातात, हार्मनी नाही. सगळं असं आहे की शाळेतल्या पोराला पहिल्या ऐकण्यात म्हणता यावं. आणि मग शेवटी गिल्मोरचा सोलो, पी-नाइन्टी पिकअपच्या पंचावन्न सालच्या सोनेरी लेस पॉल गिटारवर वाजवलेला, सावकाश, सूर ओढत. तो सोलो डिस्कोवर अजिबात बसायला नको खरं तर. पण ठेका इतका सरळ असल्यामुळेच गिटारला इतकी मोकळीक मिळालीय. सिंगलवर तो सोलो चालू असतानाच फेड होतो, म्हणजे हळूहळू विरत जातो. अल्बमवर पुढे जातो आणि मग शिक्षकाची ओरड ऐकू येते. म्हणजे कापाकाप फक्त शेपटाला. बाकी सगळं उभारलेलं.

आता उलटं उदाहरण. यस या बँडचं ‘राउंडअबाउट’. ‘फ्रॅजाइल’ अल्बमवर ते साडेआठ मिनिटांचं आहे. सुरुवातीला पियानोचा सूर उलटा फिरवलेला, तो फुगत येतो आणि त्यातून स्टीव्ह हाउची अकूस्टिक गिटार निघते. १९७२ च्या सुरुवातीला अमेरिकेत सिंगल निघाला तो तीन मिनिटं सत्तावीस सेकंदांचा. पाच मिनिटं गेली. आणि तरी तो तेराव्या क्रमांकापर्यंत चढला, अल्बमही चौथ्या क्रमांकावर गेला. म्हणजे कापणं चालतच नाही असं मी म्हणत नाही. पण ते का चाललं? कारण त्या गाण्यात ख्रिस स्क्वायरचा बेस आहे. रिकनबॅकर बेस गिटारचा तो करकरीत, धातूसारखा आवाज कुठूनही ऐकायला सुरुवात करा, तो रिफ तुम्हाला धरतो. गाण्याचा कणा पहिल्या मिनिटातच उभा राहतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. कणा शाबूत ठेवून मांस काढलं तर माणूस ओळखू येतो. (चाळीस वर्षांनी, २०१२ मध्ये, एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या शेवटी ते वाजायला लागलं आणि माझ्या भाच्यासारख्या पोरांना पाठ झालं. त्याला ठाऊक असलेला भाग म्हणजे ती सुरुवात आणि बेस. मधलं सगळं त्याला नवीन होतं.)

तुमच्या गाण्यात असा कणा आहे का, हे मला माहीत नाही. ते तुम्हीच ठरवायचं. आणि इथं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, ते मोकळेपणानं सांगतो. गाणं एका चालीचा विस्तार असेल तर कापता येतं. ते चार वेगळ्या तुकड्यांची माळ असेल तर नाही येत, एक मणी काढून घ्यावा लागतो. सिंगल कशासाठी हवाय, हेही बघा. कॉलेज फेस्टिव्हलच्या आयोजकाला पाठवायचा असेल तर त्याला तुमचा आवाज आणि वाजवण्याची ताकद ऐकवायची आहे. तिथं सहा मिनिटंही चालतील. अनोळखी माणसानं फोनवर ऐकावं अशी इच्छा असेल तर हिशोब वेगळा. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो, आणि तुमच्या गाण्याची पहिली तीस सेकंदं म्हणजे नुसता वारा आणि कीबोर्डचा पॅड असेल तर तो माणूस तिथवर पोचणारच नाही. आणि तिसरं, पाचही जणांची खरी संमती आहे का? ते शेवटचं सगळ्यात नाजूक.

संमतीवरून माझीच एक फजिती सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी इथला एक बँड अकरा मिनिटांचं गाणं घेऊन आला. स्पर्धेसाठी चार मिनिटांची अट होती. गिटारिस्ट आणि मी एका रात्रीत बसून ते तीन पन्नासवर आणलं. सांधे असे जुळवले होते की माझं मलाच कौतुक वाटत होतं. सकाळी बाकीच्यांना ऐकवलं. बेसिस्ट शेवटपर्यंत गप्प बसला आणि म्हणाला, ‘दादा, क्लायमॅक्स आला, पण सिनेमा कुठंय?’ बरोबर होतं त्याचं. मूळ गाण्यात चार मिनिटं एकच रिफ हळूहळू जाड होत जायचा, तेव्हा कुठं गायकाची ती किंकाळी सहन व्हायची. मी ती चार मिनिटं चाळीस सेकंदांवर आणली होती. किंकाळी राहिली, पण ती आता नुसता आरडाओरडा वाटत होती. स्पर्धेत काही झालं नाही. बँड वर्षभरात फुटला. माझ्या एडिटमुळे फुटला असं नाही, पण त्या सकाळचं भांडण मी पाहिलंय.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. दुसऱ्या एका बँडच्या दहा मिनिटांच्या गाण्यात मधोमध एक जागा होती, जेमतेम पन्नास सेकंदांची. सगळं थांबायचं आणि गायिका जवळजवळ ओवीसारखं काहीतरी गुणगुणायची. रिहर्सलनंतर चहाला बाहेर पडलो की सगळे तेच गुणगुणत असायचे, चहावाला पोरगाही. मी म्हटलं, हे घ्या. याला दुसरा अंतरा लिहा, खाली साधा ठेका द्या, आणि मोठं गाणं तसंच अल्बमवर राहू दे. ते त्यांनी केलं. फार काही गाजलं नाही, पण गिगला लोक ते म्हणायला लागले, आणि मग दहा मिनिटांच्या गाण्यात ती जागा आली की ओळखीचा माणूस भेटल्यासारखा आवाज उठायचा. सिंगलनं मोठ्या गाण्याचं दार उघडून दिलं.

फ्लॉइडनं तेच केलं होतं, हे मला नंतर उमगलं.

सात मात्रांची भीती मात्र काढून टाका. ‘लोकांना कळत नाही’ हे मी निर्मात्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. ‘मनी’ सातात आहे. गिटार सोलोला ते चारात जातं एवढंच. जेथ्रो टल या बँडचं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ पाच मात्रांत आहे आणि १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर होतं. आपल्याकडे तर सात मात्रांच्या रूपक तालातली भावगीतं आजीबाई भाजी निवडताना म्हणतात, कुणी मोजत बसत नाही. विषम ताल कळत नाही असं कधी होत नाही. त्यावर गाण्यासारखी ओळ नसली की तो नुसता कसरतीसारखा वाटतो, आणि मग दोष तालाला दिला जातो. तुमच्या सात मात्रांच्या रिफवर कुणी गातंय का? नसेल तर तिथं एक ओळ टाकून बघा.

आता ड्रमरकडे येऊ. ‘विकले गेले’ या आरोपाकडे.

तो सिंगल बाहेर पडला तेव्हाची हवा त्याला सांगा. रॉक ऐकणाऱ्यांमध्ये ‘डिस्को’ ही तेव्हा जवळजवळ शिवी होती. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड भरलेला खोका स्फोट करून उडवला गेला, लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. दुसऱ्या बाजूला पंक या नव्या, रांगड्या रॉकवाल्यांना फ्लॉइड म्हणजे म्हातारे, श्रीमंत, कंटाळवाणे वाटायचे. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गायक जॉनी रॉटन ‘आय हेट पिंक फ्लॉइड’ लिहिलेला टी-शर्ट घालून हिंडायचा. आणि या दोन्हींच्या मध्ये, त्या स्फोटानंतर चार-पाच महिन्यांनी, प्रॉगच्या सगळ्यात मोठ्या बँडनं डिस्कोच्या ठेक्यावर शाळेविरुद्ध गाणं काढलं. बाजार पाहून केलेली सुरक्षित खेळी मला तरी ही वाटत नाही.

ब्रिटनमध्ये ते १९७९ च्या नाताळाला पहिल्या क्रमांकावर होतं, पाच आठवडे राहिलं. सत्तरच्या दशकातला शेवटचा नंबर वन तो. अमेरिकेत मार्च १९८० पासून चार आठवडे पहिलं. ‘द वॉल’ अल्बम अमेरिकेत पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. हे झाले आकडे. पण स्वागत म्हणजे आकडे नव्हेत, आणि इथं मला ते गाणं जास्त रंजक वाटतं.

लंडनचं शिक्षण खातं चिडलं. ज्या शाळेची मुलं त्यात गायली तिच्या मुख्याध्यापिकेनं मुलांना टीव्हीवर यायला मनाई केली. शाळेला एक हजार पौंड आणि एक प्लॅटिनम रेकॉर्ड मिळाली. मुलांना वेगळे पैसे नाहीत. पुढे १९९६ मध्ये ब्रिटनचा कायदा बदलला आणि त्या मुलांना प्रसारणाच्या रॉयल्टीवर हक्क सांगता येऊ लागला, आणि २००४ च्या सुमाराला ते चाळिशीकडे झुकलेले विद्यार्थी हक्क मागायला उभे राहिले. (तुमच्या गाण्यात कुणाच्या बहिणीनं, कुणाच्या क्लासमधल्या पोरांनी कोरस गायला असेल तर नाव आणि मोबदला आजच कागदावर घ्या. मी गंमत करत नाहीये.)

आणि दक्षिण आफ्रिका. १९८० मध्ये वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध तिथल्या विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार टाकला, केप टाउनपासून सुरुवात झाली, आणि हे गाणं त्यांच्या तोंडी आलं. २ मे १९८० ला तिथल्या सरकारनं गाण्यावर बंदी घातली. वॉटर्सनं ते स्वतःच्या इंग्लिश शाळेतल्या जाचावरून लिहिलं होतं. केप टाउनच्या पोरांचा जाच फार वेगळा आणि फार मोठा होता. तरी ते म्हणू शकले, कारण दुसऱ्या कडव्यात गाणारी त्यांच्याच वयाची होती. ते कडवं मुळात नव्हतंच, हे लक्षात घ्या. ‘आम्ही सिंगल करत नाही’ हे एझरिननं मानलं असतं तर एक मिनिट वीस सेकंदांचा तो दुवा अल्बमच्या पोटात राहिला असता.

फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्स मुंबईत आला तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर मी होतो. माझ्या शेजारी एक खरा शौकीन उभा होता, संध्याकाळभर डोळे मिटून प्रत्येक सूर तपासत असलेला. एन्कोअरला, म्हणजे शेवटच्या जादा गाण्यांत, हे गाणं सुरू झालं तेव्हा त्यानं तोंड वाकडं केलं, ‘हे सगळ्यांचं’ म्हणाला. मुलांचं कडवं आलं आणि मैदान गायला लागलं. हाही गायला लागला. मी पाहतोय हे त्याच्या लक्षात आल्यावर थांबला नाही, एवढंच सांगतो.

ड्रमरचं सगळंच चूक आहे असं मात्र नाही. जुने चाहते दुखावतात, आणि कधी कधी त्यांच्याकडे कारण असतं. यसचंच घ्या. १९८३ मध्ये ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ आलं. निर्माता ट्रेव्हर हॉर्न, गाण्याचा गाभा नवा गिटारिस्ट ट्रेव्हर रेबिन याचा. जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेत दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर, त्या बँडचा तिथला एकमेव नंबर वन. जुन्या चाहत्यांतले कितीतरी आजही ते यसचं मानत नाहीत. आणि खरं सांगायचं तर तो बँड मुळात ‘सिनेमा’ या दुसऱ्याच नावानं उभा राहत होता, गायक जॉन अँडरसन परत आला तेव्हा नाव पुन्हा यस झालं. मला ते गाणं आवडतं. त्या मध्येच घुसणाऱ्या ऑर्केस्ट्राच्या फटकाऱ्यांसारखं तोवर कुणी फारसं ऐकलेलं नव्हतं. पण एखादा म्हणाला की हा वेगळा बँड आहे, तर मी वाद घालणार नाही. म्हणून ड्रमरला विचारा की त्याला भीती कशाची आहे. लोक काय म्हणतील याची असेल तर सोडून द्या. आपण आपल्यासारखे वाजणार नाही याची असेल तर त्याचं ऐका, कारण ती भीती बहुतेकदा बरोबर निघते.

आता तुम्ही करायचं काय. येत्या रिहर्सलला गाणं पूर्ण वाजवा, रेकॉर्ड करा, आणि मग दोन दिवस कुणीही ऐकू नका. तिसऱ्या दिवशी प्रत्येकानं, एकमेकांना न विचारता, गाण्यातलं जे आठवतंय ते फोनवर गुणगुणून पाठवायचं. पाचांपैकी तिघांनी तीच जागा पाठवली तर तुमचा सिंगल तिथं आहे. मग ती जागा मधूनच, आधीचं काही न वाजवता, थेट समेपासून सुरू करून बघा. पडली तर दुसरी शोधा. उभी राहिली तर तिच्यासाठी दुसरं कडवं लिहा, किंवा तेच शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडी द्या. सोलो ठेवा, पण पंचवीस-तीस सेकंद झाली की फेड. दोन मिनिटांचा सोलो नऊ मिनिटांच्या गाण्यात कमावलेला असतो, तीन मिनिटांच्या नाही. मूळ गाण्याला हात लावू नका, ते अल्बमवर जसंच्या तसं जाऊ दे.

आणि पाचांनी पाच वेगळ्या जागा पाठवल्या, तर सिंगलचा नाद या गाण्यापुरता सोडा. दुसरं गाणं बघा.

ते गुणगुणलेलं मलाही पाठवा हवं तर. मिक्स नको, मास्टर तर नकोच. फोनवरचं चालेल, मागे पंखा वाजत असला तरी.